मूलकडच्या (जिल्हा चंद्रपूर) मिस्त्रीकाकांचा विनियरचा क्लास, जायचं का नाही ते आधी वाचा

आधी सरळ सांगून टाकतो, हा प्लायवर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे विनियर, चिकटवायला शिकवणारा क्लास आहे. ज्याला महिन्याभरात फर्निचरचं दुकान टाकायचं आहे आणि गिऱ्हाइकाला चकाचक दरवाजे बनवून द्यायचे आहेत त्याने इथे जाऊ नये, फी पण जाईल आणि पेट्रोल पण. ज्याला सनमायका चिकटवून चिकटवून कंटाळा आला आहे आणि लाकूड हातात घेऊन समजून घ्यायचं आहे त्याने मात्र जावं. मी दुसऱ्या गटातला, माझे तर पैसे वसूल झाले. पाचपैकी चार स्टार देतो, एक कुठे कापला ते पुढे येईलच.

जागा कुठे ते आधी. चंद्रपूरहून मूलकडे निघालं की चिचपल्ली लागते, तिथे बांबूचं मोठं ट्रेनिंग सेंटर आहे ते बऱ्याच जणांना माहीत असेल. म्हणजे बांबूचं शिकायची सोय आपल्या दारात आहे, पण लाकडावर विनियर कसं बसवायचं ते हाताला धरून शिकवणारं मला तरी जवळपास कोणी सापडलं नव्हतं. बंगळुरूला लाकूड-प्लायवूडचं शिकवणारी सरकारी संस्था आहे, पण तिथलं शिक्षण जास्त करून कारखान्याच्या कामाचं, आपल्यासारख्या चार शिकंजे (क्लॅम्प) आणि एक रंधा असलेल्या माणसाने तिथे जाऊन काय करायचं. तर चिचपल्ली सोडून पुढे मूल, आणि मूलहून सावली गावाकडे जाताना आत वळलं की धानाच्या बांध्यांच्या मधे एक टिनाचं शेड आहे, तेच. बोर्ड नाही. नाव लिहू का विचारलं तर म्हणाले, "नोको जी, आत्ताच फोन थांबून नाई राहिला." म्हणून इथे मिस्त्रीकाका एवढंच लिहितो, तिकडे सगळे तेच म्हणतात.

काका आधी बल्लारपूरला आरा मशीनवर होते, मग बरीच वर्षं मुंबईत फर्निचरच्या कारखान्यात, आता गावी शेती आणि हे. फी 1500 रुपये माणशी. सामान आपलं आणायचं नाहीतर त्यांच्याकडचं घेऊन वेगळे पैसे द्यायचे. उन्हाळ्यात रविवारी-रविवारी चालते, सकाळी आठला सुरू ते ऊन उतरेपर्यंत, आणि रोवणीचे दिवस आले की बंद, मग कितीही फोन करा, दिवाळीनंतर बघू म्हणतात. पाच-सहा जणांच्या वर घेत नाहीत. आमच्यात सावलीचा एक आयटीआयवाला पोट्टा होता, नागपूरची इंटिरिअर करणारी एक ताई होती, एक माळकरी भाऊ होते (त्यांचा किस्सा पुढे आहे), आणि एक गुरुजी होते ज्यांना फक्त आजोबांच्या काळातला रेडिओ दुरुस्त करायचा होता. गुरुजींचा हट्ट सगळ्यात कामाचा निघाला, कारण त्या जुन्या रेडिओची पेटी विनियरचीच असते आणि कोपऱ्यातून पापुद्रा सुटलेला होता, काकांनी त्याच्यावरच अर्धा क्लास घेतला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, विनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, आजकाल साधारण अर्धा मिलीमीटर, तो प्लाय किंवा एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) चिकटवतात. सनमायका म्हणजे कागद आणि केमिकल, त्याच्यावर लाकडाचा फोटो छापलेला, त्याचा आणि याचा संबंध नाही. आणि विनियर म्हणजे नकली माल असं आपल्याकडे जे समजतात तेही बरोबर नाही. इजिप्तमधल्या तुतनखामेनच्या थडग्यात सापडलेल्या वस्तूंवर सुद्धा पातळ लाकूड चिकटवलेलं आहे, म्हणजे राजाला सुद्धा ते चालत होतं, मग आपल्या दिवाणाला का चालू नये. चांगलं लाकूड तेव्हाही महाग होतं, आताही आहे.

आता क्लासचं. पहिल्या दिवशी गोंदाला हात लावू देत नाहीत. एक गठ्ठा समोर टाकतात आणि म्हणतात वेगळं करा. काय वेगळं करा? तर क्राऊन कट कुठला, क्वार्टर कुठला, आणि रिकॉन कुठला. क्राऊनमध्ये मधोमध देवळाच्या कमानीसारख्या रेषा येतात, क्वार्टरमध्ये सरळ उभ्या रेघा. ते जमते सगळ्यांना. रिकॉनमध्ये सगळे फसतात. रिकॉन म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी हलक्या लाकडाचे पापुद्रे रंगवून, एकमेकांवर दाबून परत कापलेले, दिसायला एकदम साग. नागपूरची ताई एका दुकानातून बर्मा टीक म्हणून विनियरचे पत्रे घेऊन आली होती, बिलावर पण तेच लिहिलेलं, काकांनी उजेडात धरलं आणि परत तिच्या हातात दिलं, काही बोलले नाहीत. मग तिनेच विचारलं काय झालं. म्हणाले, सागाला बारीक छिद्रांच्या ओळी असतात, नखाने लागतात, ह्याच्यात दाखव. नव्हत्या. आणि दोन पत्रे शेजारी ठेवले तर एकच डिझाईन दोन्हीत जसंच्या तसं, झाड असं वाढते का कुठे. रिकॉन वाईट नसते, एकसारखं दिसायला पाहिजे असेल तर बरंच असते, पण सागाच्या भावात घेऊ नये एवढंच. 8 बाय 4 चा पत्रा म्हणजे 32 चौरस फूट, फुटामागे पन्नास रुपयाचा फरक म्हटलं तरी एका पत्र्याला सोळाशे गेले, क्लासची फी तिथेच निघाली. ताईने तेव्हाच दुकानदाराला फोन लावला, पुढे काय झालं माहीत नाही.

यात एक गोष्ट मला हसावं की रडावं अशी वाटते. आपला साग देशात नावाजलेला, गडचिरोलीतल्या आलापल्लीचं नाव काढलं की जुने मिस्त्री कान पकडतात, 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागाची वाजतगाजत मिरवणूक निघाली, आणि त्याच भागात आम्ही सरावाला बाहेरून आलेला रिकॉन घेऊन बसलो होतो. डेपोतला लिलाव आपल्या खिशाचा नाही आणि शेतातला साग तोडायचा तर परवानगी, वाहतुकीचा पास, सगळं आलं. काकांकडे सरावासाठी बिजा, ऐन, हळदू असल्या लाकडांचे जुने तुकडे आहेत थोडे, मागितले तर देतात, मागा.

मग उलटी-सुलटी बाजू. हे मला कुठल्याच व्हिडिओत नीट कळलं नव्हतं. मशीनच्या पात्याने पापुद्रा सोलताना एका बाजूला बारीक भेगा पडतात, डोळ्याला दिसत नाहीत. पापुद्रा हलकेच वाकवून बघायचा, एकीकडे सहज वाकते आणि दुसरीकडे जरा अडते. ज्या बाजूला फुगवलं की सहज वाकते ती भेगांची बाजू, ती खाली, गोंदात. उलटं चिकटवलं तर पॉलिश केल्यावर त्या भेगा पॉलिश पितात आणि काही महिन्यांनी वर बारीक तडे दिसतात. पण पुस्तकासारखे उघडून जोडलेले पापुद्रे असतील, ज्याला बुकमॅच म्हणतात, तर एकाची सुलटी आणि शेजारच्याची उलटी बाजू वर येणारच, तिथे इलाज नाही, आणि म्हणूनच चांगल्या दरवाज्यावर सुद्धा एका कोनातून एक पट्टा गडद आणि एक फिका दिसते. माझ्या ओळखीच्या एका घरी यावरून सुताराशी भांडण झालं होतं, सुताराची चूक नव्हती हे आता कळलं.

आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी मी म्हणतो की फी वसूल आहे. बॅलन्स. काका दोन पातळ तुकडे घेतात एमडीएफचे. एकाला फक्त वरून विनियर, दुसऱ्याला वरून आणि खालून दोन्हीकडे. गोंद तोच, वेळ तीच. दोन्ही उभे करून ठेवतात आणि विषय सोडून देतात. पुढच्या रविवारी येऊन बघा तर एका बाजूवाला तुकडा पापडासारखा वळलेला आणि दोन बाजूवाला सरळ. कारण सोपं आहे पण डोळ्याने बघितल्याशिवाय पटत नाही. फेविकॉल असो की सरस (जुना, गरम करून लावायचा गोंद), त्यात पाणी असते, पापुद्रा ते पाणी पिऊन रुंद होते, तसाच चिकटते, मग वाळताना आकसायला बघते आणि खालच्या फळीला आपल्याकडे ओढते. "एकीकडूनच ओढलं तं वाकनच नं बाबू. दोन्हीकडून ओढ, मंग कोनाकडे जाईन?" हे काकांचं सगळं थिअरी लेक्चर, एवढंच. मागच्या बाजूला महाग विनियर लावायची गरज नाही, कुठलंही स्वस्त चालते, फक्त जाडी तेवढीच, रेषा त्याच दिशेला, आणि लावायचं त्याच वेळी, आज पुढून आणि आठ दिवसांनी मागून असं नाही. प्लाय असेल तर त्याच्या वरच्या थराच्या रेषांना विनियरच्या रेषा आडव्या पडल्या पाहिजेत हे पण तिथेच कळते. आपल्या भागात कपाटाचे दरवाजे वर्षभरात वाकतात, लागत नाहीत, मग लोक बिजागरीवाल्याला शिव्या देतात. बिजागरीचा काय दोष त्यात.

आणि आपल्या हवेत हे जास्तच. उघड्यावर ठेवलेल्या लाकडातली ओल मे महिन्यात सहा टक्क्यांच्या आसपास उतरते आणि भर पावसाळ्यात पंधराच्या वर जाते, काकांकडे सुया टोचायचं मीटर आहे, त्याच्यावर दाखवतात. साग त्यातल्या त्यात शहाणं लाकूड. ओलं ते पूर्ण कोरडं होताना वलयांच्या अंगाने पाच-सहा टक्के आकसते आणि त्रिज्येच्या अंगाने, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, अडीचच्या आसपास, क्वार्टर कटची रुंदी याच अंगाला येते, म्हणून तो जास्त गप बसते. बाकीची लाकडं यापेक्षा बरीच खोडकर. काकांचा नियम असा की भर पावसात विनियर लावायचंच नाही. "कोरड्यात लावलेलं पावसात फुगाले पाह्यते, ओल्यात लावलेलं उनात फाटते. फुगलेलं परवडते, फाटलेलं नाई परवडत." आता मी पण गिऱ्हाइकाला जुलै-ऑगस्टची तारीख देत नाही, थांबत असेल तर थांब नाहीतर सनमायका घे.

गोंदाचा भाग सगळ्यात मजेदार आणि सगळ्यात वासाचा. काका आधी सरस शिकवतात, तो जुना, तपकिरी खडे मिळतात तो. रात्री पाण्यात भिजवायचा, सकाळी फुगून मऊ होते, मग भांड्यात भांडं ठेवून गरम करायचं, थेट जाळावर नाही. 60 ते 65 डिग्रीच्या मधे ठेवायचा, उकळला तर त्याची ताकद जाते. काका थर्मामीटर वापरत नाहीत, ब्रशवरून धार कशी पडते ते बघतात, मी मुद्दाम स्वयंपाकाचं थर्मामीटर नेलं होतं, त्यांनी "झाला" म्हटलं तेव्हा 62 दाखवत होतं. माणूस पक्का आहे.

तर माळकरी भाऊ. सरस जनावराच्या कातड्या-हाडांपासून बनते हे कळल्यावर ते उठून बाहेर जाऊन बसले. मला वाटलं आता वाद होते. काकांनी काही वाद घातला नाही, त्यांना वेगळा फेविकॉल दिला आणि इस्त्रीची पद्धत शिकवली. फळीला आणि पापुद्र्याला दोन्हीला पातळ फेविकॉल लावायचा, दुधी रंग जाऊन काचेसारखा दिसेपर्यंत वाळू द्यायचा, मग एकमेकांवर ठेवून वरून कागद टाकून गरम इस्त्री फिरवायची, गोंद परत मऊ होऊन धरते. लहान कामाला ही पद्धत खरंच सोपी आहे, आणि खरं सांगू का, माळकरी भाऊंचा ट्रे आमच्या सगळ्यांपेक्षा साफ निघाला. मोठ्या पत्र्याला मात्र इस्त्री करू नये, एकीकडे दाबलं की दुसरीकडे सुटते, आणि उष्णतेने पापुद्रा आकसून जोडावर फट पडते.

सरसासोबत विनियरची हातोडी येते. हिला हातोडी का म्हणतात देव जाणे, ठोकायचं काहीच नसते. काकांनी स्वतः केलेली आहे, बाभळीचा दांडा, पुढे रुंद लाकूड आणि त्याच्या धारेत पितळेची पट्टी बसवलेली. गरम सरस लावला, पापुद्रा ठेवला, वरून जरा ओला केला आणि मग हातोडी दाबून मधून कडेकडे ढकलत न्यायची, नागमोडी, की आतला जादा सरस कडेने बाहेर येते. जोर लागते, दंड भरून येतात. सरस थंड झाला की धरतो, म्हणून घाई पण लागते. आणि इथे आपल्या उन्हाळ्याचा फायदा! थंड देशातले लोक खोली गरम करून हे काम करतात म्हणे, आपल्या मे महिन्याच्या टिनाच्या शेडमध्ये सरस थंडच होत नाही लवकर, आरामात हात फिरवा. फेविकॉलचं उलटं, तो उन्हाळ्यात लावता लावता वाळून जाते, म्हणून फेविकॉलचं काम सकाळी आठ ते दहा आणि सरसाचं दुपारी. असं टाइमटेबल मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही.

पट्टी पितळेचीच का, ते ऐनाच्या तुकड्यावर दाखवलं. ओल्या ऐनावर लोखंडी शिकंजा तसाच ठेवला, दुपारी काढला तर निळाकाळा डाग. लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड पाण्यात भेटले की हे होते, सागाला पण होते, ऐनाला तर फारच. म्हणून शिकंजा आणि विनियरच्या मधे नेहमी प्लास्टिक आणि फळीचा तुकडा. डाग पडलाच तर ऑक्झॅलिक अॅसिडने जाते. बिज्याची वेगळी खोड, तो पाण्यात रंग सोडते (बिज्याच्या ग्लासात पाणी ठेवून पितात तेच झाड), तर शेजारी फिका पिवळा हळदू लावला असेल तर गोंदाच्या पाण्याने त्याच्यावर तपकिरी ओघळ येतात. सागाचं दुखणं म्हणजे तेल, चिकटवायच्या आधी अॅसिटोन किंवा थिनरने पुसून घ्यायचा नाहीतर गोंद धरत नाही.

आता इथेच माझा एक स्टार कापला गेला. थिनर पुसायचं काम आणि सरसाची चूल एकाच शेडमध्ये. मी बोललो, काका म्हणाले खिडकी उघडी आहे नं. खिडकी उघडी असून काय होते काका, चूल बाहेर घ्या! शेवटी आयटीआयवाल्या पोट्ट्याने आणि मी चूल उचलून आंब्याखाली नेली, तेव्हापासून तिथेच राहिली असं ऐकतो, म्हणजे आता तुम्ही जाल तेव्हा ठीक असेल. मास्क पण देत नाहीत. सागाचा भुसा बऱ्याच जणांच्या नाकाला आणि कातडीला सोसत नाही, मास्क आपला न्या, चांगला न्या, रुमालाने भागत नाही.

कापायचं आणि जोडायचं काम बरं शिकवतात. कटरने एका दमात कापायला गेलं की पातं रेषेच्या मागे पळते, म्हणून लोखंडी पट्टी दाबून तीन-चार हलके हात मारायचे. जोडाच्या कडा सरळ करायला दोन सरळ पट्ट्यांच्या मधे पापुद्रे दाबून धरायचे आणि रंधा मारायचा, एकदम सगळ्यांच्या कडा एकसारख्या. मग वरून कागदी टेप, तो पाण्याने चिकटणारा, वाळताना आकसते आणि जोड घट्ट ओढून घेते. हा टेप आपल्याकडे मिळत नाही पटकन, काका ऑनलाइन मागवून ठेवतात आणि तुकड्यात विकतात, त्यात त्यांनी दोन पैसे कमावले तरी हरकत नाही. मात्र बुकमॅच त्यांनी करून दाखवला, आमच्याकडून करून घेतला नाही, वेळ संपला. चार पापुद्र्यांचा मधोमध जुळवायचा प्रकार तर नुसताच तोंडी. नागपूरच्या ताईला तेच पाहिजे होतं, ती नाराज गेली आणि तिचं बरोबर होतं.

दाबायला व्हॅक्यूम प्रेस (आतली हवा काढून दाबायची पिशवी) नाही. शहरातल्या वर्कशॉपवाले त्याच्याशिवाय बोलत नाहीत, आणि खरं आहे, पिशवीतली हवा पूर्ण काढली तर चौरस मीटरला दहा टनांच्या आसपास दाब सगळीकडे सारखा बसते, शिकंज्यांनी तेवढं कधीच होत नाही. पण लाईट गेली की पंप बंद आणि आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. काकांचा उपाय म्हणजे आडव्या दांड्या, ज्यांचं पोट रंधून जरासं फुगीर ठेवलेलं असते. दोन्ही टोकांना शिकंजा आवळला की आधी मधला भाग दाबला जाते, मग कडा, आणि गोंद मधून बाहेर निघते. एकदम साधं आणि एकदम डोकेबाज. गोल कामाला, म्हणजे वळणदार पाठ किंवा रेडिओचा कोपरा, तर नदीची बारीक वाळू कढईत गरम करून पिशवीत भरायची आणि वर ठेवायची, पिशवी आपोआप आकार धरते, गरमपणाने सरस ढिला राहते आणि वजनाने बसते. गुरुजींच्या रेडिओचा कोपरा असाच बसवला. गुरुजी तर पिशवीपाशी खुर्ची टाकून बसले होते, उठायलाच तयार नाही, काकूंनी जेवायला हाक मारली तरी.

(जेवण फीमध्ये नाही पण काकू उपाशी जाऊ देत नाहीत, वरण-भात आणि वांग्याची भाजी. त्याचे वेगळे स्टार द्यायची सोय असती तर पाच.)

फुगे आले की घाबरायचं नाही. वाळल्यावर नखाने टकटक करत फिरायचं, जिथे पोकळ वाजते तिथे रेषेच्या दिशेने ब्लेडने बारीक चीर, सिरिंजने गोंद आत, वरून कागद आणि वजन. सरसाचं काम असेल तर चीर पण नको बहुतेक वेळा, ओलं करून गरम इस्त्री टेकवली की परत धरते. सरसाचा हाच मोठा गुण, वीस-पंचवीस वर्षांनी पण काढता येते, दुरुस्त करता येते. फेविकॉल एकदा बसला की इतक्या सहज निघत नाही. पण बाथरूमजवळच्या दरवाज्याला सरस लावू नका, ओलाव्याने सुटेल, तिथे पाण्याला टिकणारा फेविकॉल पाहिजे आणि खाली 710 नंबरचा प्लाय. 303 म्हणजे घरातल्या साध्या कामाचा, 710 पाण्याला टिकणारा, छाप बघून घ्यायचा आणि कडेने बघून पण, आत थरांच्या मधे पोकळी दिसली तर ती पुढे विनियरवर खड्डा होऊन उमटते.

पॉलिश हा क्लासचा कच्चा भाग. चपडा (लाखेच्या पापड्या) स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने कसा फिरवायचा ते एका दुपारी उरकलं, लाख आपल्याच पळसावरची वगैरे गप्पा छान झाल्या पण हात बसला नाही कोणाचा. मेलामाइन, पीयू या नव्या पॉलिशांचं नाव काढलं की "ते पेंटरचं काम हाय" म्हणून विषय संपवतात. अहो पण गावात पेंटर आणि सुतार एकच असतो आता! आणि गरम चहाचा कप ठेवला की चपड्यावर पांढरा गोल पडते, आपल्याकडे घरोघरी चहा, गिऱ्हाईक ऐकून घेत नाही. घासायचं मात्र नीट शिकवलं. अर्धा मिलीमीटर म्हणजे किती ते कळायला पेन्सिलने आडव्यातिडव्या रेघा मारायच्या आणि 180 च्या पॉलिश पेपरने रेघा जाईपर्यंतच घासायचं, मग 220, बस. मशीनला हात लावू देत नाहीत. आयटीआयवाल्याने काका पाणी प्यायला गेले तेवढ्यात ग्राइंडरला सँडिंग डिस्क लावून फिरवली, दोन सेकंदात खालचा प्लाय दिसला. काका येऊन म्हणाले, "हे काहून केलं बे?" आणि त्याच तुकड्यावर ठिगळ कसं बसवायचं ते शिकवायला घेतलं. ठिगळ चौकोनी नाही कापायचं, होडीच्या आकाराचं, दोन्ही टोकं निमुळती, म्हणजे रेषेत लपून जाते. पोट्ट्याच्या आगाऊपणाचा सगळ्यांना फायदा झाला.

धंद्याचं म्हणाल तर खेड्यात विनियरची ऑर्डर येत नाही, खोटं कशाला सांगू. लोकांना पुसलं की साफ होणारी सनमायका पाहिजे, आणि त्यांचं चूक नाही. चंद्रपूर-नागपूरला मागणी आहे पण तिथे रेडिमेड पत्रे येतात, खाली चार मिलीमीटरचा प्लाय आधीच चिकटवलेला, ते लावायला हे सगळं शिकायची गरजच नसते. मला काम मिळून राहिलं ते जुन्याच्या दुरुस्तीचं, वाड्यातले आरसे, सुटलेले टेबल, एका ठिकाणी देव्हारा. पैसा जेमतेम. तरी तो पाच पैकी चारचा आकडा मी बदलत नाही.

जायचं असेल तर मास्क, नवीन कटरची पाती, जुनी वर्तमानपत्रं, सुती चिंध्या आणि असेल तर आपली इस्त्री घेऊन जा, तिथली एकच आहे आणि तिच्यासाठी लाईन लागते. चप्पल नको, बूट घाला, वाळूची गरम पिशवी पायावर पडू शकते. संडासची सोय घरातलीच आहे, बायका असतील तर अडचण नाही. एसटीने यायचं तर फाट्यावर उतरून चालावं लागते, उन्हाचं गाडीनेच जा. नंबर इथे टाकत नाही, मूलच्या बसस्टँडकडच्या हार्डवेअरच्या दुकानात विनियरवाले मिस्त्री म्हणून विचारलं तर देतात. फोन सकाळी सातच्या आत करा, नंतर काका बांधीत असतात आणि फोन घरी चार्जिंगला.